जुनी बंदूक आणि मोबाइलवरचा बाजार

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचा मजकूर)



बाप्पासमोर बसून बंदुकीवर बोलायचं, हे काहींना विचित्र वाटेल. कार्यकर्त्यांनी विषय विचारला आणि आम्ही ‘जुनी बंदूक’ म्हणालो, तेव्हा दोघं-तिघं हसलेच. पण इथे बसलेल्या जुन्या घरांपैकी किती घरांत आजोबांची एकनळी किंवा दुनळी कपाटात आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि किती पोरांच्या मोबाइलवर बंदुकीच्या जाहिराती येतात, हे पोरांना ठाऊक आहे. या दोन गोष्टी एकमेकींना भिडायच्या आत बोललेलं बरं.

आम्ही राज्य सरकारचे नोकर. डिप्लोमा करून नोकरीला लागलो, वकील नाही. पण आमच्या घरात बारा बोअरची दुनळी होती, आणि वडील गेल्यावर तिचे कागद आम्हालाच करावे लागले. त्यामुळे ही वाट पायाखालची आहे.

काही दिवसांपूर्वी गल्लीतला एक मुलगा आला. बागेत डुकरांनी केळीची खोडं पाडली होती, वडील वैतागले होते. मोबाइल पुढे करून म्हणाला, “काका, हे बघा. दुनळी, सेकंड हँड, कागदासकट. दोन हजार टोकन टाकायचं, बाकी माल घरी आल्यावर. टाकू का?”

आम्ही विचारलं, “तुझ्याकडे लायसन आहे?”

“ते म्हणतात, बंदुकीबरोबरच लायसन करून देऊ.”

इथेच थांबायचं. बंदुकीबरोबर लायसन मिळत नाही. आधी लायसन, मग बंदूक. हा क्रम जो उलटा सांगतो तो एक तर पैसे बुडवणारा असतो, नाही तर तुम्हाला तुरुंगात नेणारा. टोकन टाकलं की पुढे गाडीभाडं, मग ‘परमिटची फी’, मग ‘पोलिसाला द्यायचे’, असा आकडा वाढत जातो. माल काही येत नाही. पैसे गेले तरी माणूस तक्रारीला कचरतो, कारण काय घेत होतो तेही सांगावं लागतं. ठग नेमका याच लाजेवर जगतो. तरी तक्रार करायचीच. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर आहे, आणि जितक्या लवकर फोन कराल तितका पैसा अडवता येण्याचा संभव जास्त.

आणि माल खरंच आला तर? ते जास्त वाईट. आपल्याच जिल्ह्यात, खकनार तहसिलीतल्या पाचोरी गावाचं नाव देशभरच्या पोलिसांना पाठ आहे. तिथल्या सिकलीगर कारागिरांच्या हातात पिढ्यांचं कसब आहे. एके काळी हेच लोक राजेरजवाड्यांची शस्त्रं घडवत आणि पाजळत. त्या हातांना दुसरं सन्मानाचं काम मिळालं नाही ही आपल्या सगळ्यांची गोष्ट आहे, आणि एका समाजाला सरसकट नावं ठेवणं आम्हाला मान्य नाही. पण तिथली चोरटी पिस्तुलं मोबाइलवरच्या ओळखीतून दूरच्या राज्यांपर्यंत जातात, आणि दिल्ली-पंजाबचे पोलीस त्यांचा माग काढत बुऱ्हाणपुरात येतात, ही वस्तुस्थिती आहे. विनापरवाना बंदूक नुसती जवळ बाळगली तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षं शिक्षा आहे. बनवणं आणि विकणं यात सापडला तर किमान ७ वर्षं, आणि ती जन्मठेपेपर्यंत जाते. गाव लहान आहे. पोरगा दोन वर्षं आत गेला की नोकरीचा फॉर्म, पासपोर्ट, सोयरीक, सगळीकडे तो कागद आडवा येतो.

पोरं म्हणतात, “पण काका, अमेरिकेत तर लिलावाच्या साइटवर जुन्या बंदुका मिळतात.” खरं आहे. आपल्यापैकी काहींची मुलं तिकडे आहेत, म्हणून थोडं सांगतो. ई-बेने १९९९ मध्ये बंदुका विकणं बंद केलं, आणि त्याच वर्षी गनब्रोकर नावाची फक्त बंदुकांच्या लिलावाची साइट सुरू झाली. पण तिथेही दुसऱ्या राज्यातल्या माणसाकडून बोली जिंकली की बंदूक थेट घरी येत नाही. १९६८ च्या त्यांच्या कायद्याने ती परवानाधारक दुकानदाराकडे पाठवावी लागते. तो ओळखपत्र बघतो, फॉर्म भरून घेतो, गुन्ह्याची नोंद तपासतो, मगच हातात देतो. म्हणजे लिलाव पडद्यावर, देवाणघेवाण दुकानात. शहाणे लोक विकणाऱ्याची जुनी नावनिशी बघतात, नंबरासकट फोटो मागतात, पाहून परत करण्याची मुदत आहे का ते विचारतात. आणखी एक, हे तिकडच्या मुलांना जरूर कळवा: नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असलेल्या माणसाला तिथे थोडे अपवाद सोडले तर बंदूक बाळगायला मनाई आहे. ग्रीन कार्डवाल्याची गोष्ट वेगळी. मित्राबरोबर हौसेने बोली लावली आणि व्हिसा धोक्यात आला, असं व्हायला नको.

आता आपल्याकडचं. १८७८ साली इंग्रजांनी शस्त्रांचा कायदा आणला तेव्हा गोऱ्यांना सूट आणि आपल्याला बंदी होती. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांत त्याविरुद्ध ठराव होत. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा, नियम आता २०१६ चे. त्यात जुनी बंदूक विकण्याची वाट स्पष्ट आहे, आणि ती बंद नाही. फक्त हळू आहे.

ज्याच्याकडे स्वतःच्या वापरासाठी कायदेशीर बंदूक आहे, तो ती दुसऱ्या पात्र लायसनदाराला विकू शकतो. त्यासाठी त्याने कलेक्टर साहेबांना, म्हणजे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना, किंवा जवळच्या थान्याच्या प्रभारींना लेखी कळवायचं: अमुक बंदूक, अमुक नंबर, घेणाऱ्याचं नाव आणि पत्ता. त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. हे ४५ दिवसच खरे आपले रखवालदार आहेत. जो विक्रेता “आजच न्या, गिऱ्हाईक पुष्कळ आहेत” म्हणतो, त्याला ४५ दिवसांचं नाव काढून बघा, लगेच कळतं. दुसरी वाट परवानाधारक दुकानदाराची. तो जुनी बंदूक घेतोही आणि विकतोही. दोन पैसे जास्त जातील, पण कागद त्याच्या रजिस्टरात असतात. ओळखीतून किंवा इंटरनेटवरून नुसतं समजलं की कुणाकडे बंदूक आहे, तर त्यात गैर काही नाही. पण समजणं वेगळं आणि घेणं वेगळं.

घेणाऱ्याचं वय २१ च्या वर हवं. गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज करायचा, पोलीस चौकशी होते, बंदूक हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं. शेताच्या राखणीसाठी वेगळ्या लायसनची तरतूद आहे, शेतकऱ्यांनी तिची चौकशी करावी. मात्र बंदुकीचं लायसन म्हणजे डुक्कर किंवा रोही मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ चा वन्यजीव कायदा वेगळा आहे, त्याची परवानगी वेगळी. हे न समजल्यामुळे भली माणसं अडचणीत येतात.

सौदा करताना विकणाऱ्याचं मूळ लायसन बघा, झेरॉक्स नको. त्यावर राष्ट्रीय नोंदणीचा युआयएन नंबर आहे का बघा. लायसनवरचा बंदुकीचा नंबर आणि नळीवर-बॉडीवर ठोकलेला नंबर एकेक अंक लावून जुळवा. नंबर घासलेला असेल, पुन्हा ठोकलेला वाटत असेल, तर चहा पिऊन उठा. ज्या बंदुकीवर बनवणाऱ्याचं नाव किंवा नंबर नाही ती विकणंच गुन्हा आहे. “ही चार काडतुसं उरलीत, असू द्या” असं कुणी प्रेमाने म्हणालं तरी घेऊ नका. काडतुसंही नोंदीशिवाय हात बदलत नाहीत.

मग बंदूक स्वतः. इथे आम्हाला जरा रेंगाळायचं आहे, कारण कागद खरे असूनही जुनी बंदूक माणसाचा हात घेऊन जाऊ शकते. पहिलं म्हणजे ती उघडून रिकामी आहे याची आपल्या डोळ्यांनी खात्री करा. कुणाच्याही शब्दावर नाही. मग नळ्या उजेडाकडे धरून आतून बघा. गंजाचे खड्डे आहेत का, कुठे फुगवटा किंवा सावलीची कडी दिसते का. नळ्या सुट्या काढून दोरीला टांगून लाकडाने हलकं टिचकवा. घंटेसारखा स्वच्छ आवाज आला तर ठीक, फुटक्या मडक्यासारखा आला तर दोन नळ्यांमधला जोड सुटलेला आहे. बंद केल्यावर नळ्या बॉडीवर गच्च बसल्या पाहिजेत, फटीतून उजेड दिसता कामा नये.

नळीवर वेलबुट्टीसारखी नक्षी दिसली की म्हातारी माणसं कौतुक करतात. ती पीळ दिलेल्या लोखंडपोलादाची, दमास्कस नळी. काळ्या दारूच्या जमान्यातली. तिच्यात आजचं काडतूस भरू नये. भिंतीवर शोभेल, खांद्याला नाही.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. जुन्या विलायती बारा बोअरचं चेंबर बहुधा अडीच इंच, म्हणजे ६५ मिलीमीटरचं असतं. आज ७० मिलीमीटरची, पावणेतीन इंची काडतुसंही चालतात. लांबी मोजतात ती उडालेल्या काडतुसाची. न उडालेलं तोंड दुमडलेलं असल्यामुळे ते आखूड चेंबरमध्येही आरामात शिरतं. उडताना मात्र त्याचं तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि आतला दाब एकदम वाढतो. ‘बसलं म्हणजे चालतं’ हा हिशेब इथे लागू पडत नाही. चेंबरची लांबी परवानाधारक कारागिराकडून मोजून घ्या. आम्ही आमच्या दुनळीचं असंच मोजून घेतलं, आणि ते अडीच इंचच निघालं.

भावाबद्दल कुणी विचारेल. सरकारी भाव नाही. १९८० च्या दशकात खासगी आयात जवळजवळ बंद झाल्यापासून जुन्या विलायती मालाला नावाची किंमत येते. शेतावर कामाला बंदूक हवी असेल तर नावासाठी पैसे ओतण्यात अर्थ नाही, असं आमचं मत.

आता ज्यांना घ्यायची नाही पण घरात आहे, त्यांच्यासाठी. लायसन वारलेल्या माणसाच्या नावावर आणि बंदूक कपाटात, हा प्रकार आपल्याकडे फार. ‘घरचीच तर आहे’ हे कायदा मानत नाही. लायसनदार गेल्यावर विलंब न लावता बंदूक थान्यात किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करायची, पावती घ्यायची. मग वारसाने बाकी वारसांची संमती जोडून आपल्या नावाचं लायसन मागायचं. लायसन नको असेल तर तिथूनच पात्र माणसाला विकता येते. वडील हयात असतानाही सोय आहे: त्यांचं वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं त्यांच्याकडे असली, तर वारसाला अर्ज करता येतो. हे आबा मंडळींनी ऐकावं. तुमच्या सहीने जे काम सोपं होतं, ते नंतर तीन भावांच्या सह्यांसाठी वर्षानुवर्षं अडतं. २०१९ पासून एका माणसाला दोनच बंदुकांची मुभा आहे, वारशाची असली तरी तिसरी ठेवता येत नाही.

आपण सीमेवरचे लोक. इच्छापूरच्या पुढे गेलं की महाराष्ट्र. लायसनवर फक्त मध्यप्रदेश लिहिलेलं असेल तर अंतुर्ली-मुक्ताईनगरच्या लग्नात बंदूक नेता येत नाही, तिकडून विकत घेऊन गाडीत टाकून आणताही येत नाही. आधी क्षेत्र वाढवून घ्या. आणि लग्नात किंवा मिरवणुकीत हौसेने बार काढणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. विसर्जनाला आपले ताशे पुरेसे आहेत.

पोरांसाठी एकच सूट सांगतो. ०.१७७ ची, २० जूलपर्यंत जोर असलेली एअर गन लायसनशिवाय घेता येते. नेमबाजी शिकायची तर तिथून सुरुवात करा. पण डोळा तिनेही जातो, आणि पाखरं मारायला ती नाही.

आरतीची वेळ झाली. ज्यांच्या घरी वारलेल्या माणसाच्या नावाचं लायसन आहे, त्यांनी उद्या संध्याकाळी त्याची झेरॉक्स मंडपात आणावी, अर्ज कसा लिहायचा ते बसून बघू. बंदूक आणू नये.