बघ्यांच्या गर्दीत पहिले पाऊल



रस्त्यात अपघात होतो, जखमी मनुष्य विव्हळत असतो आणि भोवती बघ्यांचे कडे उभे राहते. आपण उद्गारतो, ‘समाजाची संवेदनाच मेली आहे.’ हा निष्कर्ष आज थोडा तपासून पाहू.

१९६४ साली न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीची हत्या झाली. ३८ जणांनी ती पाहिली, पण कोणीही मदत केली नाही, असे वृत्त जगभर गाजले. पुढे ते अतिरंजित ठरले. एक शेजारीण तर तिच्याजवळ धावून गेली होती. मात्र त्या वृत्तातूनच जॉन डार्ली व बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनास चालना मिळाली. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थी प्रश्नावली भरत असताना खोलीत धूर सोडला गेला. एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के विद्यार्थ्यांनी बाहेर जाऊन सूचना दिली. दोन माणसे मुद्दाम निर्विकारपणे शेजारी बसवली, तेव्हा दहांपैकी एकच उठला! उरलेल्यांपैकी काहींनी ती वाफ असावी, अशी स्वतःची समजूत घातली होती.

म्हणजे परिस्थिती केवळ आपले हात बांधत नाही, तर विचारही बदलते. इतर शांत, म्हणजे संकट नसावे. इतके जण आहेत, म्हणजे कोणीतरी करील. प्रत्येकाच्या मनात हेच असते आणि जबाबदारी कोणाचीच उरत नाही. दोष आहे, पण तो दुष्टपणाचा नव्हे.

म्हणूनच निराशेचे कारण नाही. लँकेस्टर, ॲमस्टरडॅम व केपटाऊन येथील रस्त्यांवरील २१९ भांडणांच्या चित्रफिती अभ्यासकांनी तपासल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार दहांपैकी नऊ प्रसंगांत कोणी ना कोणी मध्ये पडले होते. स्तब्धता जशी संसर्गजन्य, तसे धैर्यही असू शकते. प्रश्न एवढाच, की पहिले पाऊल कोणी टाकायचे?

‘पोलिसांचे लचांड नको’ ही आपली जुनी सबब. तीही आता उरलेली नाही. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यास संरक्षण दिले आहे; त्याच्यावर नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

तेव्हा असा प्रसंग आला, तर ‘कोणीतरी फोन करा हो’ असे ओरडू नका. एकाकडे बोट दाखवून सांगा, ‘दादा, तुम्ही ११२ ला फोन लावा. ताई, तुम्ही पाणी आणा.’ त्या क्षणी बघ्यांचे कडे फुटते आणि त्यातून माणसे बाहेर येतात. त्यांना हाक मारणारा आपल्यापैकी एक असावा, एवढेच आज मागतो.