घर कुठे, आणि कशाच्या जिवावर?
(कान्हे, ता. मावळ येथील बैठकीतील भाषण)



कान्हे हे लोणावळा लोकलचे लहानसे स्टेशन. सकाळी इथे डबा घेऊन उभी असलेली पोरे सगळीच मावळातली नाहीत. यवतमाळ, परभणी, बीडकडची बोली कानावर पडते. बाप गावी कापूस-ज्वारी करतो, पोरगा तळेगावात नाहीतर चाकणला ठेकेदाराकडे राबतो. सोयरीक निघाली की मुलीकडचे विचारतात, "पुण्याकडे घर आहे का?" मग गावी बसलेल्या आईबापाच्या पोटात गोळा येतो. दोन एकर विकून इथे गुंठा घ्यावा? कर्जाने फ्लॅट घ्यावा? की पोराने भाड्याच्या खोलीत राहावे आणि घर गावीच बांधावे?

आधी कर्जाचा हिशोब करू. दहा लाख रुपये, व्याज ९ टक्के, मुदत २० वर्षे. हप्ता महिन्याला सुमारे ९,००० रुपये, म्हणजे वर्षाला १,०८,००० आणि एकूण फेड साडेएकवीस लाखांच्या वर. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये जाहीर झाला. तो पुरता हातात पडला असे धरले, तरी वर्षाचा हप्ता म्हणजे १४ क्विंटल कापूस. कोरडवाहू एकरी चार क्विंटल धरा. साडेतीन एकरांचा सगळा माल बँकेत गेला. बियाणे, फवारणी, वेचणी कुठून करायची? आणि ठेकेदाराने पोराला ब्रेक दिला तरी हप्ता थांबत नाही.

भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, असे पाहुणे म्हणतात. मग व्याज कशात गेले? समजा खोलीचे भाडे ४,००० आहे. हप्त्याच्या मानाने वर्षाला ६०,००० उरतात. ते खरोखर बाजूला पडले, मोटरसायकलीत गेले नाहीत, तर गावी एका साली जोते, पुढे भिंती, मग स्लॅब असे घर उभे राहते. आपल्या आईबापांनी असेच टप्प्याटप्प्याने बांधले.

गुंठ्याचे मात्र आम्हाला भय वाटते. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. १९४७ चा तुकडेबंदी कायदा असल्याने तेवढ्या शेतजमिनीची खरेदी सरळ होत नाही. मग दहा-अकरा जणांचा सामाईक सातबारा करतात, किंवा स्टँपपेपरवर नोटरी करून देतात. नोटरीने मालकी येत नाही. सवलतीचे आणि बिनशेतीचे नियम अलीकडे बदलत आले आहेत, तेव्हा दलालाच्या तोंडावर जाऊ नका. गट नंबर घेऊन तलाठ्याकडे आणि तहसिलात विचारा. फ्लॅट घेणार असाल तर महारेराचा नोंदणी क्रमांक आधी मागा.

इथला मावळचा शेतकरीही सुखात आहे असे नाही. इंद्रायणी तांदळाच्या खाचरात तो भाड्याच्या खोल्या काढतो, कारण खोली दर महिन्याला पैसे देते आणि भात वर्षातून एकदा. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यायचा?

गावी बांधताना एक गोष्ट ऐका. आम्ही कृषी महाविद्यालयात माती शिकलो. कापसाला मानवणारी काळी माती घराला वैरी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंत चिरते. पाया काळी ओलांडून मुरमापर्यंत न्या. वरचे वजनही बेताने ठेवा. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि माळवदाखाली गाडली गेली. भिंतींना जोत्यावर आणि दारा-खिडक्यांच्या वर आरसीसीचे पट्टे घाला. गवंडी कुरकुरला तरी घाला.

प्रधानमंत्री आवास योजनेचे घरकुल २०१६ पासून सपाट भागात १,२०,००० रुपयांचे. तेवढ्यात घर पुरे होत नाही, पण पाया आणि भिंतींना हातभार लागतो. यादीत नाव आहे का ते ग्रामसभेत उठून विचारा.

स्वामित्व योजनेत गावठाणाची मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून ठेवा. बँक तोच कागद मागते. नमुना ८ वर घरधनिणीचे नाव लावा. पोराचे लग्न ठरण्याआधी हे कागद तयार असू द्या. सोयऱ्यांनी घर विचारले तर मिळकत पत्रिका पुढे ठेवा आणि जमीन विकली नाही हेही सांगा.