पोर सुरातच होती

आज आम्ही पाच जणी तुमच्याशी बोलणार आहोत. म्हणजे माइकसमोर एकच बसलीय, पण कागद पाचींनी मिळून लिहिलाय. आमच्यात एक अंगणवाडी ताई, एक शिलाईकाम करणारी, दोघी बचत गटाच्या आणि एकीचं किराणा दुकान. दुकानामागच्या खोलीत, पोत्यांना टेकून, आम्ही गिटार वाजवतो. पाच जणींत तीन गिटार. त्यातलं एक मुलगा शिकायला बाहेरगावी गेला तेव्हा घरी टाकून गेला होता. तिथूनच हे खूळ सुरू झालं. सुरुवात केली तेव्हा आमच्यातली धाकटी ३४ वर्षांची होती आणि थोरली ५१.

पहिलं वर्ष आम्ही मोबाइलवर बघून शिकलो. कुठलं बोट कुठल्या तारेवर, कुठल्या पडद्याच्या मागं, सगळं डोळ्यांनी. जी, सी, डी आणि ई मायनर हे चार कॉर्ड आले आणि आम्हाला वाटलं, झालं! एका गाण्याला तेवढे पुरतात हेही खरं आहे. मग हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात एका मुलीच्या गाण्याला साथ करायचं ठरलं. मुलगी १२ वर्षांची, गोड गळ्याची. तिची परीक्षा चालू होती म्हणून आम्ही तिच्याशिवायच तालीम केली. त्या दिवशी ती उभी राहिली, डोळे मिटले आणि सुरू झाली. आम्हीही सुरू झालो. दुसऱ्या ओळीला काहीतरी बिनसलं. तिनं आवाज खाली आणायचा प्रयत्न केला, मग वर, मग थांबलीच. "माझा सूर गेला," म्हणाली आणि आईकडं पळाली. आम्ही वाजवत राहिलो, कारण आम्हाला थांबायचं कुठं हेही कळलं नाही.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग कुणीतरी मोबाइलवर केलं होतं. ते घेऊन आम्ही भजनी मंडळातल्या आजींकडं गेलो. आजींनी कॉर्ड हा शब्द उभ्या आयुष्यात ऐकला नसेल. त्यांनी एकदाच ऐकलं आणि म्हणाल्या, "अगं बायांनो, पोर सुरातच होती. तुम्ही खाली होतात." मग पेटी ओढली, मुलीचा सा शोधला. काळी चार. आमचा सा निघाला पांढरी पाच. अर्ध्या सुराचं अंतर, जे कानाला सगळ्यात जास्त टोचतं. तीन-चार सुरांचा फरक असता तर निदान सगळ्यांच्या लगेच लक्षात आलं असतं. त्या पोरीनं मात्र दोष स्वतःवर घेतला होता, आणि महिनाभर ती गायली नाही असं तिच्या आईनं सांगितलं. ते ऐकून आमच्यातली एक रात्री झोपली नाही.

तेव्हापासून आमचा रियाज बदलला. आधी रविवारी तीन तास बसायचो. आता रोज रात्री वीस मिनिटं, जिची तिची घरी, आणि एकत्र फक्त रविवारी. रोज का, तर एक साधं कारण बोटांचं. पोलादी तारा बोटांच्या टोकांना कापतात. रोज थोडं वाजवलं तर दोन-तीन आठवड्यांत टोकं घट्ट होतात. आठवड्यातून एकदाच वाजवलं की दर रविवारी नव्यानं दुखतं. शिलाईवालीला हे आधीच कळत होतं, तिची बोटं सुईनं तयार केलेली! आणखी एक, तार पडद्याच्या अगदी जवळ, पण पडद्याच्या अलीकडं दाबायची. मग जोर कमी लागतो. आम्ही वर्षभर मधोमध दाबून मनगटं दुखवून घेतली.

दुसरी खोड अशी होती की चुकलं की गाणं पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळं आमची सुरुवात झकास आणि मधला भाग कायम कच्चा. पाढे म्हणताना पोरं सतरा सत्ते विसरली की सतरा एके सतरापासून धरतात, तसंच. आता जिथं अडतं तेवढेच दोन कॉर्ड घेतो. मोबाइलवर मेट्रोनोम ६० वर लावायचा, चार ठोके जी, चार ठोके सी, हळू. घड्याळ लावून एका मिनिटात किती वेळा बदल स्वच्छ होतो तेही मोजायचं आणि वहीत लिहायचं. दुकानवालीचा आकडा पहिल्या दिवशी ११ होता, दीड महिन्यानं ३४. हिशेबाची वही असल्यानं तिचीच नोंद सगळ्यात नीट, हे कबूल करायला हवं.

पण खरं काम कानाचं. आजींनी एक अट घातली: जे वाजवाल ते आधी गाऊन दाखवा. आम्ही लाजलो. गिटार घेतलं तेच गाता येत नाही म्हणून! आजी म्हणाल्या, "गळा चांगला नसला तरी चालेल, खरा पाहिजे." मग एक तार छेडायची, तो सूर गुणगुणायचा आणि तोच सा धरून सारेगम म्हणायचं. त्यानंतर ती सारेगम तारेवर शोधायची.

तारा जुळवणंही मशीनऐवजी कानानं सुरू केलं. सगळ्यात जाड तार पाचव्या पडद्याला दाबली की तिच्या शेजारच्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो. पुढंही तसंच, फक्त तिसरी तार चौथ्या पडद्याला दाबायची. दोन सूर जवळ आले पण जुळले नाहीत, तर वां-वां-वां अशी लाट ऐकू येते. खुंटी फिरवताना ती लाट संथ होते आणि जुळताच नाहीशी होते. पहिल्यांदा ती लाट ऐकू आली तेव्हा आम्ही पंखा बंद करून, श्वास धरून बसलो होतो.

रविवारी एक खेळ खेळतो. एकीनं पाठ फिरवून कॉर्ड वाजवायचा, बाकीच्यांनी मेजर की मायनर ते सांगायचं. सुरुवातीला निम्मे अंदाज चुकायचे, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच. मग आजींनी उकल केली. मेजरमध्ये सा, शुद्ध ग, प. मायनरमध्ये ग कोमल. एवढाच फरक! त्या ऐकूनच म्हणायच्या, "ह्याचा ग उतरलाय." पुस्तकात हे आम्ही वाचलं होतं, पण ऐकलं नव्हतं.

"आता ह्या वयात काय," असं म्हणणाऱ्या मैत्रिणींसाठी परदेशातल्या एका बाईंची खरी गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या एलिझाबेथ कॉटन. लहानपणी घरकाम करून त्यांनी स्वतःच्या पैशानं गिटार घेतलं. त्या डावखुऱ्या, आणि शिकवायला कुणी नाही. म्हणून गिटार उलटं धरून कानानं शिकल्या. लग्नानंतर कित्येक वर्षं वाद्य सुटलं. पुढं सीगर नावाच्या गाणाऱ्या कुटुंबाकडं घरकामाला असताना पुन्हा हातात आलं. साठी उलटल्यावर, १९५८ साली, त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि १९८५ साली त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. आम्हाला पुरस्कार नको, पण दुसऱ्याच्या घरची कामं आटोपून गिटार हाती घेणारी बाई आम्हाला ओळखीची वाटली.

तर, त्या मुलीकडं आम्ही पाचही जणी गेलो. रेकॉर्डिंग ऐकवलं, पेटीवर दाखवलं आणि चूक आमची होती हे सांगितलं. ती काही बोलली नाही. पण तिच्या आईचा निरोप आला, पुढच्या कार्यक्रमाला ती गाणार आहे.

तोवर आम्ही एक हिशेब पक्का केला होता. गाणारीचा सा जाड तारेवर शोधायचा, पडद्याचा आकडा बघायचा, त्यातून तीन वजा करायचे आणि तिथं कॅपो, म्हणजे तारा दाबणारा चिमटा, लावून नेहमीचे जीवाले कॉर्ड धरायचे. काळी चार चौथ्या पडद्यावर, म्हणजे कॅपो पहिल्यावर. काळी पाच सहाव्यावर, म्हणजे कॅपो तिसऱ्यावर. त्या संध्याकाळी घरूनच कॅपो पहिल्या पडद्यावर लावून निघालो होतो.

स्टेजमागं अंगणवाडी ताई मुलीला म्हणाली, "बाळा, आधी तुझा सा दे." तिनं दिला. ताईनं जाड तारेवर शोधला. तिसरा पडदा. पुन्हा शोधला, तरी तिसराच. पोरीला सर्दी झाली होती आणि सा अर्धा सूर खाली आला होता! आम्ही तिन्ही कॅपो काढून पर्समध्ये टाकले. तिनं दोन्ही कडवी गायली, मध्ये एकदा नाकही ओढलं, आणि आम्ही तिच्याबरोबर थांबलो.