दुरून चालणारी यंत्रे : खोडदची दुर्बीण आणि युनिक्स संगणकांची देखभाल

ज्या यंत्रासमोर बसता येत नाही, ज्याचा आवाज ऐकू येत नाही आणि ज्याच्या पाठीवर हात ठेवून ते तापले आहे की नाही हे कळत नाही, अशा यंत्राची प्रकृती केवळ त्याने लिहून ठेवलेल्या नोंदींवरून ओळखणे आणि दुरूनच त्याची दुरुस्ती करणे, या कामाला संगणकाच्या क्षेत्रात दूरस्थ व्यवस्थापन म्हणतात. बँका, रुग्णालये, विद्यापीठे, रेल्वेची आरक्षणे या सर्वांच्या मागे असलेले सर्व्हर, म्हणजे इतर संगणकांना अहोरात्र सेवा पुरवणारे संगणक, आज बहुतांशी याच पद्धतीने सांभाळले जातात. मात्र या कामाची खरी कसोटी पाहण्यासाठी जुन्नर आणि आंबेगावच्या रहिवाशांना महानगरांतील काचेच्या इमारतींकडे जाण्याचे कारण नाही. पुणे-नाशिक रस्त्याने मंचर मागे टाकून नारायणगावला वळले की खोडदच्या शिवारात ज्या प्रचंड तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या दिसतात, त्या याच विद्येवर चालतात.

जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजेच जीएमआरटी, या नावाने जगभर ओळखली जाणारी ही रेडिओ दुर्बीण टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारली असून तिची कल्पना आणि रचना यांमागे प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांची दृष्टी होती. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांपैकी १४ मध्यवर्ती परिसरात दाटीने आहेत आणि उरलेल्या १६ अँटेना इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात पसरलेल्या, सुमारे १४ किलोमीटर लांबीच्या तीन भुजांवर शेतांमधून, माळांवरून विखुरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. अशा मांडणीत एकटी तबकडी फारसे काही पाहत नाही. प्रत्येक अँटेनाने टिपलेली लहर दुसऱ्या प्रत्येक अँटेनाच्या लहरीशी ताडून पाहिली जाते, आणि ३० अँटेनांच्या अशा ४३५ जोड्या होतात. दुर्बिणीच्या सुधारित रूपात ४०० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा एका वेळी हाताळता येतो. लहरीचे अंकांत रूपांतर करताना पट्ट्याच्या रुंदीच्या दुपटीने नमुने घ्यावे लागतात आणि प्रत्येक अँटेनाकडून दोन ध्रुवीकरणांचे दोन संदेश येतात, हे ध्यानात घेतले तर एका सेकंदाला सुमारे ४,८०० कोटी नमुने मध्यवर्ती इमारतीतील यंत्रणेवर येऊन आदळतात असा हिशेब निघतो. तो सांभाळणारी यंत्रणा खास इलेक्ट्रॉनिक फलकांची आणि चित्रप्रक्रियेसाठी जन्मलेल्या, पण आता गणितासाठी जुंपलेल्या जीपीयू चिपांनी सज्ज अशा लिनक्स संगणकांच्या समूहाची आहे. लिनक्स हे युनिक्सच्या घराण्यातील रूप होय.

दूरस्थ व्यवस्थापन येथे सोय म्हणून आलेले नाही. जागेच्या स्वभावानेच ते अपरिहार्य केले आहे. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी इतक्या क्षीण असतात की जवळचा मोबाइल, मोटारीच्या इंजिनातील ठिणगी किंवा वीजवाहिनीवरचा सैल जोड त्यांना सहज बुडवतो. संगणक स्वतःही याला अपवाद नाही, कारण त्याच्या घड्याळाचे ठोके आणि विद्युतपुरवठ्याचे मंडल याच पट्ट्यांत गोंगाट ओकत असतात. म्हणून अँटेनाच्या पायथ्याशी ठेवावे लागणारे इलेक्ट्रॉनिक्स धातूच्या आवरणात बंदिस्त ठेवतात, तेथे शक्य तितके कमी संगणक ठेवतात आणि नियंत्रणाचे आदेश व आकाशाचे संदेश दोन्ही जमिनीखालच्या प्रकाशतंतूंतून नेतात. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो तेव्हा रेडिओ लहर बाहेर सांडत नाही. परिसरात मोबाइल बंद ठेवण्याची सक्ती का, आणि पुणे-नाशिक रेल्वेमार्गाच्या आखणीत या दुर्बिणीचा प्रश्न इतका कळीचा का ठरला, याचे उत्तरही हेच आहे. याशिवाय भुजांच्या टोकाकडच्या अँटेनांचे रस्ते उसाच्या फडांमधून जातात, आणि ज्या तालुक्यात माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र चालवावे लागते, तेथे रात्री दोन वाजता एक बटण दाबण्यासाठी माणूस पाठवणे ही हलकी गोष्ट नव्हे. नियंत्रणकक्षातून आदेश जातो आणि तबकडी वळते. जोराचा वारा सुटला तर सर्व तबकड्या ऊर्ध्वमुख करून स्थिर करण्याचा आदेशही तेथूनच सुटतो. निरीक्षणाचा वेळ जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना सहा-सहा महिन्यांच्या सत्रांत वाटून दिलेला असतो, त्यामुळे वाया गेलेला तास कोणाचा तरी महिनोन्‌महिने वाट पाहून मिळालेला तास असतो.

युनिक्सचा जन्म १९६९ साली अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून झाला आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स लिहिले, एवढा इतिहास येथे पुरे. महत्त्वाचे आहे ते या प्रणालीचे एक वळण : ती जवळपास सर्व काही साध्या मजकुरात ठेवते. मांडणीच्या फाइली मजकुरात, आदेश मजकुरात, घडल्या गोष्टींची नोंद म्हणजे लॉग तोही बहुतेक मजकुरातच. परिणामी दूरच्या यंत्राचे चित्र पाठवावे लागत नाही, चार ओळी पाठवल्या की भागते, आणि अगदी मंद जोडणीवरूनही संपूर्ण यंत्र चालवता येते. प्रारंभी ही जोडणी टेलनेटसारख्या साधनांनी होत असे, ज्यांत पासवर्ड उघडाच तारेतून वाहत जाई. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठातील तातू युलोनेन यांनी तेथील जाळ्यावर पासवर्ड चोरले गेल्यानंतर एसएसएच ही पद्धत तयार केली, जिच्यात सारा संवाद कूटबद्ध होऊन जातो आणि पासवर्डाऐवजी किल्ल्यांची जोडी वापरता येते. त्यांपैकी सार्वजनिक किल्ली सर्व्हरवर ठेवतात, ती कोणी पाहिली तरी बिघडत नाही. खासगी किल्ली मात्र माणसाच्या स्वतःच्या संगणकातून कधीही बाहेर पडू द्यायची नसते.

आता निदानाकडे वळावे. सर्व्हर मंद झाला किंवा प्रतिसाद देईनासा झाला की अननुभवी व्यवस्थापकाचा पहिला हात रीस्टार्टकडे जातो, आणि बहुतेक वेळा रीस्टार्टने यंत्र पूर्ववत चालूही होते; म्हणूनच ही सवय घातक आहे. रीस्टार्ट हा पुरावा पुसून टाकणारा उपाय आहे. हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका सर्व्हरवर नवीन नोंदी लिहिल्या जात नाहीत आणि प्रत्येक कार्यक्रम जागा संपल्याची तक्रार करतो. व्यवस्थापक डीएफ ही कमांड चालवतो, जी डिस्कवरील एकूण आणि उरलेली जागा सांगते. उत्तर येते, डिस्क शंभर टक्के भरलेली. मग तो डीयू ही कमांड चालवतो, जी प्रत्येक फाइलीने किती जागा घेतली ते मोजून बेरीज देते. उत्तर येते, निम्मीही जागा वापरात नाही. दोन्ही कमांड खरे बोलत असतात. युनिक्समध्ये फाइलीचे नाव वेगळे आणि फाइल वेगळी. नाव ही केवळ निर्देशिकेतील नोंद असते. कोणी एखादी फुगलेली लॉग फाइल पुसली, पण जो कार्यक्रम तिच्यात लिहीत होता तो चालूच राहिला, तर नाव जाते, जागा मात्र सुटत नाही. जमिनीच्या व्यवहारात वावरणाऱ्यांना हे समजावून सांगण्याची गरज पडू नये : सातबाऱ्यावरून नाव कमी झाले म्हणून प्रत्यक्ष वहिवाट करणारा शेतातून उठतोच असे नाही. डीयू सातबारा वाचते, डीएफ शिवारात जाऊन पाहते. एलएसओएफ नावाची कमांड कोणता कार्यक्रम कोणती फाइल उघडून बसला आहे हे दाखवते, आणि नाव पुसलेल्या त्या फाइलीपुढे तशी खूणही असते. त्या एका कार्यक्रमाला आपला लॉग नव्याने उघडायला लावले की जागा तत्काळ मोकळी होते. येथे कोणी संपूर्ण सर्व्हर रीस्टार्ट केला असता तरी जागा सुटली असती, पण कारण कधीच कळले नसते आणि पुढच्या महिन्यात तोच प्रसंग पुन्हा आला असता.

अशीच गफलत भाराच्या आकड्यांबाबत होते. अपटाइम ही कमांड मागील एक, पाच आणि पंधरा मिनिटांचा सरासरी भार असे तीन आकडे देते. पहिला आकडा तिसऱ्यापेक्षा मोठा असेल तर संकट चढते आहे, लहान असेल तर उतरते आहे, इतके त्यातून लगेच वाचता येते. पण लिनक्समध्ये या भारात केवळ गणित करणारे कार्यक्रम मोजले जात नाहीत, तर डिस्कच्या किंवा जाळ्यावरच्या साठवणुकीच्या उत्तरासाठी खोळंबलेले कार्यक्रमही धरले जातात. भार चाळीसवर आणि प्रोसेसर मात्र रिकामा, असे दृश्य दिसले तर दोष प्रोसेसरचा नसून पलीकडच्या साठवण-यंत्राचा असण्याचा संभव अधिक. दूरची सामाईक डिस्क अशी मुकी झाली की कधीकधी डीएफसुद्धा उत्तर न देता अडकून बसते, आणि अडकलेला कार्यक्रम ठार करण्याचा आदेशही मानत नाही. कमांडचे न येणारे उत्तर हेही त्या वेळी एक उत्तरच असते.

यंत्रापर्यंत पोहोचताच येत नाही तेव्हा काय, हा या विद्येतील सर्वांत गंभीर प्रश्न आहे, आणि अशा वेळा पुष्कळदा व्यवस्थापकाने स्वतःच ओढवून घेतलेल्या असतात. एसएसएचची मांडणी बदलताना एक अक्षर चुकले किंवा फायरवॉल, म्हणजे आत-बाहेर जाणाऱ्या वाहतुकीवरचा पहारा, बदलताना स्वतःचाच मार्ग बंद झाला, तर वीस किंवा ऐंशी किलोमीटर दूर बसलेल्या माणसाने बसल्या जागची फांदी तोडलेली असते. म्हणून जाणता व्यवस्थापक एक जोडणी उघडी ठेवून दुसरीतून बदल तपासतो, नवी मांडणी लागू करण्याआधी तिचे व्याकरण प्रणालीकडूनच तपासून घेतो आणि दहा मिनिटांनी जुने नियम आपोआप परत आणणारा आदेश आधीच पेरून ठेवतो. बदल यशस्वी झाला तर तो आदेश रद्द करायचा, फसला तर दहा मिनिटे शांत बसायचे. याही पलीकडचा आधार म्हणून चांगल्या सर्व्हरमध्ये मुख्य संगणक बंद असतानाही जागा राहणारा एक छोटा स्वतंत्र संगणक बसवलेला असतो, त्याची जाळ्याशी जोडणीही वेगळी असते आणि त्याच्यामार्फत मुख्य यंत्राचा पडदा पाहता येतो, तापमान वाचता येते, वीज बंद-चालू करता येते. ही दुसरी वाट खरेदीच्या वेळी खर्चिक वाटते आणि तिला कात्री लावण्याचा मोह होतो, परंतु जेथे माणूस रात्री पोहोचणे अवघड आहे तेथे ही काटकसर चुकीची आहे. दुरुस्तीचे कौशल्य कितीही असले तरी परतीची वाट राखण्याची शिस्त नसेल तर ते कौशल्य यंत्रापर्यंत पोहोचतच नाही.

घड्याळाचा मुद्दा थोडक्यात सांगता येईल. युनिक्स काळ मोजते ते १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. अनेक यंत्रांच्या नोंदी शेजारी ठेवून आधी काय घडले आणि त्यामुळे नंतर काय घडले हे ठरवायचे, तर सर्वांची घड्याळे जुळलेली हवीत. ते काम एनटीपी ही पद्धत करते. खोडदसारख्या ठिकाणी खगोलीय मोजमापासाठी त्याहून कितीतरी सूक्ष्म काळमापक लागतात, कारण तेथे लहरींचीच गाठ घालायची असते.

लॉगविषयी मात्र अधिक बोलले पाहिजे. बिघडलेल्या यंत्राचा लॉग त्याच यंत्रावर ठेवणे म्हणजे पुरावा संशयिताच्या हाती सोपवणे होय. डिस्क गेली की लॉगही जातो, आणि घुसखोर आत आला तर तो पहिल्यांदा तोच पुसतो. यासाठी नोंदी घडताक्षणी दुसऱ्या सर्व्हरकडे पाठवण्याची व्यवस्था करतात. जुन्नर परिसराला नोंदींचे महत्त्व नव्याने सांगावे लागू नये, कारण नाणेघाटाच्या लेण्यात सातवाहनांनी यज्ञांची आणि दानांची नोंद आकड्यांसह दगडात कोरून ठेवली म्हणूनच दोन हजार वर्षांनंतर तिच्यावर विसंबता येते. यंत्र आपली नोंद स्वतः ठेवते, माणूस मात्र ठेवत नाही, ही या व्यवसायातील जुनी उणीव आहे. कोणी, कोणत्या तारखेला, कोणती ओळ, कशासाठी बदलली हे साध्या वहीत जरी लिहिलेले असेल तरी निम्मे निदान तेथेच होते. कारण चालत्या यंत्रात बिघाड आला तर पहिला प्रश्न ‘शेवटचा बदल कोणता?’ हाच असतो. नोंद न ठेवणारा व्यवस्थापक, मग तो कितीही हुशार असो, संस्थेसाठी धोकाच आहे.

हे काम शिकायला महागडी सामग्री लागत नाही. लिनक्स विनामूल्य आहे, जुना संगणक त्याला पुरतो, आणि दोन जुने संगणक एका तारेने जोडून एकावरून दुसऱ्याचा कारभार करून पाहिला, मुद्दाम डिस्क भरून, मुद्दाम स्वतःला बाहेर कोंडून, मग वाट शोधून, तर पुस्तकांतून न मिळणारे पुष्कळ हाती लागते. नारायणगाव, ओतूर, मंचर, घोडेगाव येथील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी हा प्रयोग करावा, आणि पहिल्या दिवसापासून बदलांची वही ठेवावी. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त, २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदच्या परिसरात विज्ञान प्रदर्शन भरते आणि तेथे शाळा-महाविद्यालयांची मोठी गर्दी लोटते. त्या वेळी मोबाइल बंद ठेवून तेथे अवश्य जावे, आणि तबकड्या पाहून झाल्यावर त्या ज्या संगणकांच्या आज्ञेने वळतात, त्यांची देखभाल कशी होते हे तेथील अभियंत्यांना विचारल्याशिवाय परतू नये.