मुंबईचा पगार आणि घरचा हिशेब



आजचा विषय पाहून काही जणांना वाटले असेल की, हा तर प्रत्येकाच्या घरचा खासगी प्रश्न. त्यावर व्याख्यान कशाला? पण रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न गेली शंभरावर वर्षे घरोघरी विचारला जात आहे. जी गोष्ट घरोघरी घडते ती खासगी राहत नाही. ती समाजाची गोष्ट होते. मुलाला मुंबईहून नेमणुकीचे पत्र आले आहे, पगार येथल्यापेक्षा दीडपट आहे, आणि घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नाही, हा अनुभव या सभागृहात अनेकांना असेल.

जावे की राहावे, याचे सर्वांना लागू पडेल असे उत्तर माझ्यापाशी नाही. परंतु हिशेब कसा मांडावा, एवढे सांगता येईल.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, रुपया सर्व गावांत सारखा नसतो. हे सरकारसुद्धा मानते. केंद्र सरकारने घरभाड्याच्या भत्त्यासाठी शहरांचे तीन वर्ग केले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता पन्नास टक्क्यांवर पोहोचला, तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या पहिल्या वर्गातील शहरांत हा भत्ता मूळ वेतनाच्या ३० टक्के झाला आणि लहान गावांत १० टक्के. म्हणजे तीच खुर्ची, तेच काम, पण शहर बदलले की पगार वाढवावा लागतो. आणि ही वाढ बढती नव्हे, नुसती भरपाई आहे. खासगी नोकरीत भरपाई किती आणि बढती किती, हे कोणी वेगळे लिहून देत नाही. ते आपणच वेगळे करावयाचे असते.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे कल्पनेतले आहेत. घरी गेल्यावर प्रत्येकाने आपले घालावेत. समजा, येथे एकाला हातात ४०,००० रुपये मिळतात आणि तो वडिलांच्या घरात राहतो. मुंबईत त्याला हातात ६५,००० मिळणार आहेत. वाढ २५,००० रुपयांची. त्यातून दूरच्या उपनगरातील दोन खोल्यांचे भाडे १४,००० गेले. गाडीचा पास, रिक्षा मिळून ३,००० गेले. गणपती, शिमगा, लग्नकार्य आणि आईबापांची आजारपणे यांसाठी गावच्या फेऱ्या, महिन्याला सरासरी २,०००. घरचे नारळ, तांदूळ, ओळखीचा दूधवाला हे सारे सुटले, त्याचे ३,०००. उरले तीन हजार! त्यातून घरमालकाची अनामत आणि दलाली पहिल्याच महिन्यात द्यावयाची, ती वेगळीच.

पण हिशेब येथे संपत नाही. येथे त्याचा जाण्यायेण्यात रोज एक तास जात होता. तेथे चार जाणार. रोजचे तीन तास अधिक, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पंचाहत्तर तास. तीन हजार रुपयांना पंचाहत्तर तास, म्हणजे तासाला चाळीस रुपये. हे तास मुलाच्या अभ्यासाचे, बायकोशी बोलण्याचे, स्वतःच्या झोपेचे आहेत. या भावाने ते विकावयाचे का, हा प्रश्न घरात उघड विचारला गेला पाहिजे.

दूरचे उपनगर मी मुद्दाम धरले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याच दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याचीही लोकसंख्या घटली, सुमारे ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत आली, इकडे फारसे लक्ष जात नाही. वाढला तो ठाणे जिल्हा. म्हणजे मुंबईला जातो म्हणणारा माणूस पुष्कळदा मुंबईत राहतच नाही. तो विरार-बदलापूरला राहतो आणि मुंबईला रोज जातो.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, वक्त्यांना मुले गावातच अडकवून ठेवावयाची आहेत. तसे मुळीच नाही. माझ्या मांडणीत अजून एक मोठी बाजू जमेची आहे.

शहर नुसता पगार देत नाही, दुसरी नोकरी मिळण्याची शक्यता देते. लहान गावात एका कामाचे एकच कार्यालय असते. तेथे वरिष्ठाशी बिनसले की वाट बंद. शिवाय गाव सर्वांना सारखे वागवीत नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खेड्याविषयी जे कठोर उद्गार काढले, ते एका अनुभवी माणसाचे होते. त्यांचे मूळ गाव याच जिल्ह्यातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. त्यांच्या वडिलांनी साताऱ्याहून मुंबई गाठली आणि मुलाला एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. अशा घरांना शहराने जे दिले, ते कोणत्या वजाबाकीत बसवणार? ज्या मुलीला येथे शिकूनही काम करू दिले जात नाही, तिच्या बाबतीतही तेच. तिच्या हाती तीन हजार उरोत वा शून्य उरो, तिने जावे.

मात्र जाताना आपल्या कसबाचे आयुष्य किती, हे पाहावे. गिरणगावात आपल्या वाडवडिलांनी गावकी मंडळांच्या खोल्यांत दाटीने राहून, खाणावळीत जेवून मनिऑर्डरी पाठवल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर अनेकांना गिरणीचे दार पुन्हा उघडलेच नाही, कारण त्यांच्या हातात जे कौशल्य होते ते दुसऱ्या दाराशी चालेना. म्हणून नव्या नोकरीत पाच वर्षांनी मला काय येत असेल, हा प्रश्न पगाराच्या आकड्याच्या आधी विचारावा.

आणि मागे कोण राहते? २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. पण त्यात रिकाम्या झालेल्या ओट्यांचा मोठा वाटा आहे: पुरुष मुंबईत, आणि शेत, गोठा, सासूसासरे तिच्या एकटीच्या अंगावर. तिच्या श्रमाचा रुपया त्या पंचवीस हजारांत कोणीच धरीत नाही. निर्णयाच्या बैठकीत तिला बोलावलेच नाही, तर तो हिशेब खोटा आहे.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून टाकतो. कंपनी वर्षाचा जो एकूण खर्च सांगते तो पगार नव्हे. मालकाचा भविष्यनिर्वाह निधीचा वाटा, कधी ग्रॅच्युइटीसुद्धा त्यात मोजलेली असते. हातात दरमहा काय पडेल, ते लेखी विचारावे. कायम नोकरदाराला ग्रॅच्युइटीचा हक्क सलग पाच वर्षांच्या सेवेनंतर येतो. साडेचार वर्षे झाली असतील तर घाई करू नये. निधी काढून खर्चू नये, नव्या खात्यात वर्ग करावा. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा मोजली जाते. भाड्याचा करार १९९९ च्या कायद्याप्रमाणे लेखी आणि नोंदणीकृत असावा. आणि शक्य तर पहिले सहा महिने येथले बिऱ्हाड मोडू नये.

१८८५ साली रेव्हेन्स्टाइन या अभ्यासकाने लंडनमध्ये स्थलांतराचे नियम मांडले. त्यांतला एक असा की, माणसांच्या प्रत्येक मोठ्या प्रवाहाबरोबर एक उलटा प्रवाहही वाहत असतो. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हापासून येणे आणि जाणे दोन्ही सोपे झाले आहे. तेव्हा जाणाऱ्याला घरच्यांनी कृतघ्न म्हणू नये, राहणाऱ्याला भित्रा म्हणू नये, आणि परत आलेल्याला हरलेला तर मुळीच म्हणू नये. हे तीन शब्द आपण टाकून दिले, तर आपली मुले भीतीने वा भिडेने नव्हे, हिशेब करून निर्णय घेतील.