तारखांच्या शहराला न्यायाधीश हवेत



गिरगावातल्या जुन्या चाळींमध्ये धोबी तलावचं लघुवाद न्यायालय ठाऊक नाही असं बिऱ्हाड विरळाच. मुंबईतले घरमालक-भाडेकरूंचे दावे तिथेच चालतात. मालकाला मुलाच्या संसारासाठी खोली हवी असते, म्हणून तो दावा लावतो. समन्स बजावलं जातं, कैफियत दाखल होते, उलटतपासणी सुरू होते आणि न्यायाधीशांची बदली होते. दरम्यान भाडेकरू वारतो. त्याचे वारस रेकॉर्डवर आणण्याचा अर्ज 90 दिवसांत द्यावा लागतो. मुदत हुकली तर उशीर माफ करावा म्हणून आणखी एक अर्ज. प्रत्येक अर्जाला नोटीस, उत्तर, युक्तिवाद. रोजनाम्यात तारखांमागून तारखा चढतात, आणि ज्याच्या लग्नासाठी खोली मागितली त्याचे केस पिकतात. निकाल लागलाच, तर त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या खंडपीठापुढे अपील असतं आणि त्यानंतर हायकोर्ट.

यात कोणी कामचुकार नसतो. बोर्ड लांबलचक आणि दिवस तेवढाच, म्हणून पुढची तारीख पडते.

हे दुखणं 1987 मध्येच ओळखलं गेलं होतं. तेव्हा देशात दहा लाख लोकांमागे जेमतेम साडेदहा न्यायाधीश होते. विधी आयोगाने 120व्या अहवालात सांगितलं, पाच वर्षांत हा आकडा 50 करा. 2002 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑल इंडिया जजेस असोसिएशनच्या खटल्यात तसाच आदेश दिला. 2025च्या इंडिया जस्टिस रिपोर्टनुसार हा आकडा आहे 15. अडतीस वर्षांत साडेदहावरून पंधरा! प्रलंबित प्रकरणं मात्र पाच कोटींच्या वर गेली.

मुंबईने यावर एक उपाय वारंवार केला, तो म्हणजे दावे एका न्यायालयातून दुसऱ्यात हलवण्याचा. शहर दिवाणी न्यायालयाची आर्थिक मर्यादा 2012 मध्ये एक कोटी रुपयांवर नेली, जानेवारी 2024 पासून ती दहा कोटी झाली. परळ-लालबागच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये कोटीच्या आत घर मिळणं कठीण, त्यामुळे तिथल्या फ्लॅटचा दिवाणी दावा एरवी हायकोर्टाच्या मूळ शाखेत गेला असता. आता तो शहर दिवाणी न्यायालयात येतो. पक्षकाराच्या दृष्टीने हे योग्यच, खर्च कमी होतो, अपिलाची एक पायरी हायकोर्टात शिल्लक राहते. पण फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर तेवढे न्यायाधीश, लघुलेखक, शिरस्तेदार आणि बेलिफ आले नाहीत, तर रांग फक्त या दारातून त्या दारात जाते.

नवा कायदा करतानाही हा हिशेब कोणी मांडत नाही. चेक न वटणं 1988च्या दुरुस्तीने गुन्हा ठरलं. पुढे कायद्यातच लिहिलं गेलं की असा खटला सहा महिन्यांत संपवण्याचा प्रयत्न व्हावा. भोईवाडा कोर्टासारख्या न्यायालयांत चेकच्या तक्रारी घेऊन उभ्या राहणाऱ्या लहान व्यापाऱ्याला ते सहा महिने कसे लांबतात, हे चांगलंच माहीत असतं.

सोलापूरचे न्यायमूर्ती अजित शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने 2014 मध्ये 245व्या अहवालात लोकसंख्येच्या मोजपट्टीऐवजी दुसरी सुचवली: वर्षाला किती प्रकरणं दाखल होतात, एक न्यायाधीश किती निकाली काढतो, त्यावरून पदं ठरवा. हीच पद्धत खरी. पण नुसती पदं ठरवून भागत नाही: मुंबई हायकोर्टात मंजूर पदं 94, त्यातली बरीच वर्षानुवर्षं रिकामी राहत आली. कागदावरचं पद दावा ऐकत नाही.

आणि इथेच या सभागृहातल्या कायद्याच्या नव्या पदवीधरांचा संबंध येतो. 20 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. तात्पुरत्या सनदेच्या दिवसापासून ती तीन वर्षं मोजली जातात, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांची मोजणी आता लवकरच सुरू होईल. मोठ्या लॉ फर्मचं आकर्षण समजण्यासारखं आहे. तरीही ही तीन वर्षं धोबी तलाव, भोईवाडा, माझगावच्या कोर्टांत काढा. साक्षीदाराला प्रश्न कसा विचारायचा, अडाणी पक्षकाराचं म्हणणं कसं ऐकून घ्यायचं, हे तिथे शिकायला मिळतं. आणि मग लोकसेवा आयोगाची न्यायाधीश पदाची परीक्षा द्या.