आधी विचारू, मग बोलू
(स्वयंसेवकांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेले भाषण)



यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय आपल्या ओळखीचा आहे. तो ओरडत होता आणि लोक त्याला गप्प करीत होते. प्रभूने त्याला बोलावून घेतले आणि आधी विचारले, तुला काय हवे आहे? आंधळ्याला काय हवे असणार हे सर्वांना दिसत होते. तरी प्रभूने ते त्याच्याच तोंडून ऐकले. मी मात्र एकदा हा प्रश्न विचारायला विसरले.

अक्कलकुवा तालुक्यातल्या एका पाड्यावर एक आजी आहेत. नजर अधू, ऐकूही कमी येते. मुलगा-सून ऊसतोडीला गुजरातेत गेले की त्या एकट्याच. मी मुलाशी बोलले आणि शहरातल्या वृद्धाश्रमात जागा ठरवून आले. गाडीही सांगितली. मुलगा आपल्याच मंडळीतला, म्हणून त्याचा शब्द मी आजींचाच शब्द मानला.

गाडी दारात आली तेव्हा अंगणवाडीताई आजींच्या कानाशी बसली आणि त्यांच्या बोलीत तिने विचारले. आजी म्हणाल्या, "मी घर सोडणार नाही. माझं पासबुक मला द्या." श्रावणबाळ योजनेचे त्यांचे पैसे खात्यावर जमा होत होते. पासबुक मुलाकडे होते.

गाडी परत पाठवली. आजींना बँकेत नेले, एकेक नोंद वाचून दाखवली. आता पासबुक त्यांच्या पेटीत असते. मुलाला किती द्यायचे ते त्या ठरवतात, आणि देतातही. मुलगा मात्र चार महिने माझ्याशी बोलला नाही. एवढे सोसायची तयारी हवी.

कायदाही हेच सांगतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ज्येष्ठाला निर्वाहासाठी स्वतः अर्ज करता येत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तो करू शकते. "त्याने अधिकार दिलेली" हे शब्द लक्षात ठेवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगाला स्वतःचे पैसे आणि मालमत्ता सांभाळण्याचा हक्क दिला आहे. मदत करणाऱ्याने त्याच्यावर दडपण आणू नये. व्यवहारात दोघांच्या हितसंबंधांत विरोध आला, तर मदत करणाऱ्याने त्या व्यवहारापुरते बाजूला व्हावे, असेही तो कायदा म्हणतो.

म्हणून घरी गेलात की त्या व्यक्तीशी एकदा तरी एकांतात बोला. तिची बोली येत नसेल तर जाणणारा सोबत न्या, पण तो घरातला नको. कागद पूर्ण वाचून, समजावून दिल्याशिवाय अंगठा घेऊ नका. नको म्हणाली, तर ते नकोच लिहा. आणि तक्रार आपल्या मिशनबद्दल असेल, तर बाहेरचा माणूस शोधून द्या. आपणच आपल्याविरुद्ध तिची बाजू मांडू, असे म्हणू नका.

आपण कुटुंबाचे, कचेरीचे किंवा मिशनचे वकील म्हणून जात नाही. ज्याचा आवाज पोहोचत नाही, त्याचाच आवाज पुढे न्यायला जातो. त्याच्या जागी आपला आवाज ठेवायला नव्हे.

प्रभू आपल्याला ऐकणारे कान देवो. आमेन.